नाव नंतर ठरवू

माझ्या आत्याने माझ्या आत्यालाच घर खाली करण्याची नोटीस बजावली आणि ती नोटीस मी टाईप केली. आमच्या घराण्यात प्रिंटर फक्त माझ्याकडे आहे, एवढीच माझी त्या प्रकरणातली पात्रता. पण प्रिंटर असलेल्या माणसाला सगळ्यांचं सगळं वाचावं लागतं, तेव्हा हे सांगायचा हक्कही माझाच, असं मी धरून चालते.

आत्या ही तिघा भावंडांतली थोरली. तिच्या पाठचे काका, आणि शेंडेफळ म्हणजे माझे बाबा. आजोबांनी जाताना तीन भाड्याच्या इमारती तिघांच्या नावे सामाईक ठेवल्या: एक शाळेसमोरची, एक लाँड्रीशेजारची आणि एक कोपऱ्यावरची. काकांचं स्वतःचं घर होतं, बाबांचंही होतं. आत्याने लग्न केलं नाही. ती कोपऱ्यावरच्या इमारतीत, तळमजल्यावर, पाण्याच्या पंपाला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहायला गेली. तेव्हा पंप हाताने चालू-बंद करावा लागायचा आणि त्यासाठी कोणीतरी जवळ हवं होतं. पुढे पंप आपला आपण चालू व्हायला लागला, पण आत्या तिथेच राहिली. चाळीस वर्षं झाली.

तिन्ही इमारतींचा कारभार तिच्याकडेच. गळका नळ, तुंबलेली मोरी, गच्चीची किल्ली, दोन बिऱ्हाडांतली धुसफूस, सगळं तीच निस्तरायची. भाडेकरू तिला मॅनेजरबाई म्हणायचे. नियम म्हणजे नियम, तिथे ती कोणाची भीडभाड ठेवायची नाही. एका निवृत्त न्यायाधीशांना तिने गच्चीवर वेळेबाहेर कपडे वाळत घातले म्हणून लेखी समज दिली होती, आणि ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी माफीपत्र घेऊन हजर झाले होते. मी लहानपणी तिला घाबरायचे. आता मोठेपणीही घाबरते, फक्त कबूल करते.

काका आणि बाबा यांचं मात्र जन्मात कधी एकमत झालेलं नाही. भांडण म्हणाल तर तेही नाही. एकमेकांच्या दुखण्याखुपण्याला धावतात. पण काकांनी खिडकी उघडली की बाबांना थंडी वाजते, आणि बाबांनी लावली की काकांचा जीव गुदमरतो. इमारतींच्या बाबतीत प्रत्येक निर्णयावर एक मत हे, एक मत ते, आणि मग आत्या ज्याच्या बाजूने बोलेल तसं व्हायचं. दोघांनाही ती पद्धत सोयीची होती. हरलं तरी भावाने हरवलं नाही, ताईने हरवलं, असं म्हणता यायचं.

अशा या सुखाच्या संसारात चष्मेवाला जिन्यावरून घसरला.

लाँड्रीशेजारच्या इमारतीत त्याचं चष्म्यांचं दुकान खाली आणि बिऱ्हाड वर. दुसऱ्यांना लांबचं आणि जवळचं दाखवणाऱ्या या माणसाला शेवटची पायरी दिसली नाही. लागलं काही नाही. तो उठला, पँट झटकली आणि आत्याला एवढंच म्हणाला, "मॅनेजरबाई, माझ्या जागी दुसरा कोणी असता तर कोर्टात गेला असता हो." आत्याने त्याच दिवशी पायरी दुरुस्त करून घेतली. पण हे वाक्य काकांच्या कानावर गेलं आणि ते तडक बाबांकडे आले.

"उद्या खरंच कोणी दावा लावला तर? इमारती आपल्या तिघांच्या नावावर. म्हणजे माझं राहतं घरसुद्धा जाईल!" काका म्हणाले.

"काही जात नाही," बाबा म्हणाले. बाबांना कायद्यातलं ओ की ठो कळत नाही, पण काका जाईल म्हणाले म्हणजे जाणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आत्या काकांच्या बाजूने गेली आणि तिघं एका वकीलबाईंकडे गेली. मी सोबत होते, कारण कागद. वकीलबाईंनी शांतपणे समजावलं: एक मर्यादित जबाबदारीची कंपनी काढा. तिन्ही इमारती तिघांच्या नावावरून कंपनीच्या नावावर करा. मग मालक कंपनी, आणि कंपनीचे सभासद तुम्ही तिघं. जिन्यावरून कोणी पडलं तर तो कंपनीला कोर्टात खेचेल, तुमच्या घराला हात लावू शकणार नाही. विमा कंपनीच्या नावावर करून घ्या, आणि सगळ्या भाडेकरूंशी नव्याने करार करा, कारण जुने करार तुमच्या नावाचे आहेत.

"म्हणजे आमचंच, पण आमचं नाही," बाबा म्हणाले.

"बरोबर समजलात," वकीलबाई म्हणाल्या. बाबांना कोणी बरोबर म्हटलेलं पाहून काका अस्वस्थ झाले.

घोडं अडलं ते कंपनीच्या नावावर. काकांना आजोबांचं नाव हवं होतं, बाबांना आजीचं. आत्याने या एका बाबतीत मत द्यायला साफ नकार दिला. आई की वडील असा कौल मी देणार नाही, म्हणाली. पाच आठवडे गेले. शेवटी वकीलबाई वैतागल्या. बाकीचा अर्ज तरी भरून ठेवा, म्हणाल्या. अर्ज मी भरला. नावाच्या रकान्यात, विसरायला नको म्हणून, लिहिलं: नाव नंतर ठरवू. मग आत्याने, काम रेंगाळलेलं तिला खपत नाही म्हणून, तो अर्ज गठ्ठ्यातून उचलला आणि नेऊन दिला. खिडकीतल्या कारकुनाचं काम एकच होतं, या नावाची दुसरी कंपनी आहे का ते बघणं. नव्हती. पहिल्या फेरीत मंजूर झालं.

प्रमाणपत्र आलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. काका म्हणाले, बदलू या. बाबा म्हणाले, बदलायलाच हवं. इथे दोघांचं एकमत झालं असं कोणाला वाटेल. पण बदलून काय ठेवायचं, यावर गाडी पुन्हा आजी-आजोबांवर आली. तेव्हापासून आमच्या भाडेकरूंना येणारं प्रत्येक पत्र असं सुरू होतं: 'नाव नंतर ठरवू कंपनीतर्फे आपणांस कळविण्यात येते की...' विमा एजंटाने तीन वेळा फोन करून विचारलं, की ठरलं का.

कंपनीचे नियम मात्र आत्याने स्वतः बसून लिहून घेतले, आणि त्यातले दोन तिच्या अगदी जिव्हाळ्याचे होते. पहिला: लेखी कराराशिवाय कंपनीच्या जागेत कोणीही राहणार नाही, राहत असेल तर नव्वद दिवसांत करार करावा, नाहीतर जागा सोडावी. एका भाडेकरूने जाताना आपला चुलतभाऊ मागे ठेवला होता आणि तो चार वर्षं हलला नव्हता, त्याचा राग या नियमात उतरला होता. दुसरा: ज्या सभासदाचा एखाद्या विषयात स्वतःचा फायदा असेल त्याने मत देऊ नये आणि बैठकीतून बाहेर जाऊन उभं राहावं. हा काकांच्या मेहुण्यासाठी होता. त्याला शाळेसमोरच्या इमारतीतला मोठा ब्लॉक स्वस्तात हवा होता आणि काका खनपटीला बसले होते. नियम बदलायचा तर तिघांच्या सह्या लागतील, हेही तिनेच घालून घेतलं.

"कडक आहेत," वकीलबाई म्हणाल्या.

"असायलाच हवेत," आत्या म्हणाली. ती त्या दिवशी फार खुशीत होती.

इमारती कंपनीच्या झाल्या. आत्याने एकेका भाडेकरूला बोलावून नवा करार केला, सगळ्यांना एकसारखा, एक वर्षाचा. मग एका सकाळी मला फोन आला.

"एकोणीस जागा आहेत. एक रिकामी, दुसऱ्या मजल्यावरची, नर्सबाईंची बदली झाली ती. म्हणजे करार अठरा हवेत. माझ्याकडे सतराच आहेत. एक बाई विनाकागद राहत्येय."

"कोण गं?"

"चाळीस वर्षं राहत्येय! आणि कोणाच्या लक्षात नाही!"

"अगं पण कोण?"

"मी," आत्या म्हणाली. आवाजात खरा धक्का होता. जणू कोणीतरी तिला हातोहात फसवलं होतं आणि पकडलं गेलेलं माणूस तीच होती.

मी म्हटलं, त्यात काय, मी आत्ता करार टाईप करते. कंपनीतर्फे सही कोणाची, तिने विचारलं. मी म्हटलं, मॅनेजरची, म्हणजे तुझी. आणि भाडेकरूची? तुझी.

"दोन्हीकडे मीच सही करू? असली लबाडी मी आजवर कोणाची चालवून घेतली नाही. मंजुरी सभासदांची हवी. त्यात माझा फायदा आहे, म्हणजे मला मत नाही. राहिले ते दोघं. दोघांचं एकमत झालं की करार करू."

माझ्या अडुसष्ट वर्षांच्या आत्याच्या डोक्यावरचं छप्पर आता काका आणि बाबा यांच्या एकमतावर येऊन ठेपलं होतं.

नोटीस मी टाईप केली. 'नाव नंतर ठरवू कंपनीतर्फे आपणांस कळविण्यात येते की आपण कोणत्याही लेखी कराराविना सदर जागेत राहत असून...' आत्याने ती मॅनेजर म्हणून सही करून पाकिटात घातली, भाडेकरू म्हणून उघडली, वाचली आणि पोच दिली. त्यानंतर दोन दिवस ती मॅनेजरवर चिडलेली होती. "भाषा बघ कशी आहे. इतक्या जुन्या माणसाला असं लिहितात का?" ती मला म्हणाली. मी म्हटलं, मजकूर तूच सांगितलास. "मी काय सांगणार? नमुना तोच आहे," ती म्हणाली.

मी काकांकडे धावले. काकांचे डोळेच पांढरे झाले. "ताईला नोटीस? कोणाची हिंमत झाली?" कोणाची ते सांगितल्यावर ते जरा बसले. मग म्हणाले, "लिही. ताई तिथे फुकट राहील. बहिणीकडून भाडं घेणारा भाऊ मी नाही."

बाबांकडे गेले. बाबा म्हणाले, "फुकट? म्हणजे आयुष्यभर आमच्या उपकारावर राहतेय असं होईल. ताईचा अपमान आहे हा. नावापुरतं का होईना, भाडं घ्यायचं. ताठ मानेने राहू दे तिला."

"बाबा, तुम्हा दोघांना ती तिथेच राहायला हवी आहे ना?"

"अर्थात!"

"मग काकांचं म्हणणं मान्य करा."

"त्याचं म्हणणं चूक आहे."

काकांनीही अगदी हेच शब्द वापरले. मी पंधरा दिवस या दोन घरांमध्ये हेलपाटे घातले. दोघंही तिच्या प्रेमापोटी हट्टाला पेटले होते आणि त्या प्रेमाने तिचं सामान रस्त्यावर येणार होतं. मला दोघांच्याही डोक्यावर फाईल आपटावीशी वाटत होती. वकीलबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "अहो, असं कोणी करत नाही. नियम बदला." नियम बदलायला तिघांच्या सह्या हव्यात, आणि आत्या म्हणाली, माझ्यासाठी नियम बदलला तर त्या चुलतभावाने काय पाप केलं होतं?

बातमी फुटली. वरच्या मजल्यावरच्या शिंप्याने मॅनेजरबाईंना वाचवण्यासाठी सह्यांची मोहीम काढली. सतराच्या सतरा भाडेकरूंनी सह्या केल्या, न्यायाधीशांनी तर तळाशी कलमांसकट शेरा लिहिला. शिंपी निवेदन घेऊन मॅनेजरच्या टेबलासमोर उभा राहिला. आत्याने ते घेतलं, त्यावर तारखेचा शिक्का मारला आणि दोन दिवसांत लेखी उत्तर दिलं, की आपल्या भावनांची नोंद घेतली आहे, परंतु मागणी नियमात बसत नाही.

"बाई दगडाची आहे," शिंपी मला जिन्यात म्हणाला. "आपल्या मॅनेजरबाईंचं काही चालत नाही तिच्यापुढे."

पन्नास दिवस गेले, साठ गेले. आत्या जागा शोधायला लागली. आमच्याकडे ये म्हटलं तर म्हणाली, "पाहुणी म्हणून दोन दिवस ठीक आहे. तिसऱ्या दिवशी मी तुमचे नळ तपासायला लागेन, आणि चौथ्या दिवशी तुझी आई मला तपासायला लागेल." दोन गल्ल्या पलीकडे एक खोली मिळत होती. त्या घरमालकाने आधीच्या घरमालकाचं शिफारसपत्र मागितलं. आत्याने ते स्वतःच दिलं. मीच टाईप केलं: 'सदर भाडेकरू शांत, स्वच्छ आणि वेळेची पक्की आहे. स्वभाव थोडा हेकट.' मी म्हटलं, हेकट कशाला घालतेस? ती म्हणाली, खोटं कशी लिहू?

हे सगळं ऐकून लोक हसतात. मीही हसायचे. पण एका संध्याकाळी मी गेले तर ती जमिनीवर बसून भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. तिने मला बघून कागद नीट केला आणि म्हणाली, "मला वाटलं होतं, दहा दिवसांत मिटवतील." एवढंच. मी तिच्या शेजारी बसले आणि एक कपबशी गुंडाळायला घेतली. माझ्याच घरच्यांची मला लाज वाटली.

जागा सोडण्याआधी मॅनेजरने पाहणी करायची, असाही नियम होता. भाडेकरूला दोन दिवस आधी कळवायचं आणि एक साक्षीदार न्यायचा. साक्षीदार मी. ठरलेल्या दिवशी आत्या घराबाहेर आली, दार ओढून घेतलं, कुलूप लावलं आणि मग त्याच दारावर टकटक केली.

"आत्या, आत कोणी नाही."

"वाट बघायची असते," ती म्हणाली. आम्ही वाट बघितली. मग तिने किल्लीने दार उघडलं, चप्पल बाहेर काढली आणि परक्याच्या घरात पाऊल टाकावं तशी आत गेली. हातात टॉर्च होता, कारण भर दुपारी आत दिसत नव्हतं.

चाळीस वर्षांत तिने शेकडो खोल्या अशा तपासल्या होत्या. तिचं काम सुरू झालं की तिचा चेहरा बदलतो. तिने भिंतीवर हात ठेवला, बोटं एकमेकांवर घासली, लिहिलं: उत्तरेकडील भिंत कमरेपर्यंत ओली. स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि हात बाहेर काढला. तळवा शेजारच्या इमारतीच्या भिंतीला टेकला. लिहिलं: खिडकीतून हवा नाही, उजेड नाही. तेवढ्यात पलीकडे पंप सुरू झाला आणि कपाटातल्या उरलेल्या वाट्या किणकिणायला लागल्या. ती थांबून ऐकत राहिली. मग तिने तेही लिहिलं, आणि शेवटच्या ओळीवर आली. तिथे मॅनेजरने आपलं मत द्यायचं असतं. तिने लिहिलं: जागा सध्याच्या स्थितीत कोणासही देण्यायोग्य नाही.

लिहिलं आणि वाचलं. पुन्हा वाचलं. मग पलंगावर बसली.

"काय गं," ती म्हणाली, "त्या चुलतभावाला तरी मी ही खोली दिली असती का?"

मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "नसती दिली. तक्रार केली असती कोणी, तर दोन दिवसांत माणूस पाठवला असता मी."

एकोणनव्वदाव्या दिवशी बैठक लागली. नियमाप्रमाणे सभासदांनी समक्ष यायचं होतं, कंपनीच्या नोंदलेल्या पत्त्यावर, आणि तो पत्ता म्हणजे आत्याची बाहेरची खोली. काका आले, बाबा आले. दोघांनाही दार नक्की कुठलं ते कळेना, शिंप्याने दाखवलं. हे खोटं वाटेल, पण तसं झालं. आत्या सगळ्यांकडे जायची. सणावाराला, आजारपणात, मुलांच्या परीक्षांना ती हजर. तिच्याकडे जावं हे कोणाला सुचलं नाही, मला प्रिंटरमुळे सुचलं.

दोघं गुंडाळलेल्या सामानात जागा करून बसले. आत्या टेबलामागे. तिने विषयपत्रिका वाचली. विषय एक, पाहणी अहवाल. तिने कारकुनी आवाजात अहवाल वाचायला सुरुवात केली, भिंत, खिडकी, उजेड. काका सवयीने आक्षेप घ्यायला तोंड उघडत होते, तर त्यांच्या पाठीला काहीतरी गार लागलं. ते पुढे सरकून बसले. भिंत होती. तेवढ्यात पंप सुरू झाला. काकांच्या हातातला चहाचा कप बशीवर वाजायला लागला. त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरला.

"जागा सध्याच्या स्थितीत कोणासही देण्यायोग्य नाही," आत्याने वाचून संपवलं. "विषय दोन. विनाकरार राहणाऱ्या भाडेकरूचा प्रश्न. यात माझा संबंध आहे, मी बाहेर उभी राहते." ती उठली, बाहेर गेली आणि दार ओढून घेतलं. स्वतःच्याच दाराबाहेर, जिन्याखाली, ती उभी राहिली.

आत बाबा उठून स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले, ती उघडली आणि समोरची भिंत बघत राहिले.

"धाकट्या," काका म्हणाले, "ही खोली तिला कोणी दिली रे?"

"कोणी नाही," बाबा म्हणाले. "बाकीच्या भाड्याने गेल्या. ही उरली होती."

काकांनी चष्मा काढला आणि रुमालाने पुसत बसले. त्यांना रडू येत होतं आणि ते लपवायची अक्कल त्यांना नाही. बाबांनी खिडकी लावली. पहिल्यांदाच काका काही म्हणाले नाहीत.

"इथे तिने राहायचं नाही," काका म्हणाले.

"नाही राहायचं," बाबा म्हणाले.

मी पेन उघडून बसले होते ती तशीच राहिले. या दोघांचं एकमत कसं दिसतं ते मी कधी पाहिलं नव्हतं. ते झालं तेही नेमकं आत्याला घराबाहेर काढण्यावर.

याच इमारतीतली, दुसऱ्या मजल्यावरची नर्सबाईंची जागा रिकामी होती. दोन खिडक्या, सकाळचं ऊन. ती ताईला द्यायची, यावरही दोघं एकदम हो म्हणाले. मग पुन्हा अडलं. काका म्हणाले, "भाडं घे, धाकट्या, तू म्हणत होतास ते बरोबर आहे." बाबा म्हणाले, "नाही दादा, फुकटच. तुझंच बरोबर." आणि दोघं आता एकमेकांच्या बाजूने हमरीतुमरीवर आले. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"गप्प बसा दोघंही!" मी ओरडले. सभासद नसताना ओरडले, हे मी इतिवृत्तात लिहिलेलं नाही. "ती चाळीस वर्षं तुमचं काम करतेय. कोणी एक दमडी पगार दिलात? ती जागा मॅनेजरची आहे, कामाच्या बदल्यात. भाडंही नाही आणि फुकटही नाही. लिहू?"

दोघांनी माना खाली घालून हो म्हटलं. मुदतीच्या रकान्यात काय लिहू, विचारलं. काका म्हणाले, "तहहयात." बाबा म्हणाले, "तहहयात." मी ते ठळक अक्षरांत लिहिलं. दोघांनी सह्या केल्या आणि बाबांनी स्वतः जाऊन दार उघडलं.

आत्या बाहेर भिंतीला न टेकता ताठ उभी होती. चेहरा मॅनेजरचा होता, पण पदराचं टोक तिने बोटाला घट्ट गुंडाळलं होतं.

"झालं?"

"झालं, ताई."

"एकमताने?"

"हो."

तिने विश्वास न बसून माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. ती आत आली, बसली, करार हातात घेतला आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला. दुसरा मजला वाचताना थांबली. कामाच्या बदल्यात, हे वाचताना तिने नाक ओढलं. मग मुदतीपाशी आली, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि 'तहहयात' वर सरळ काट मारली. वर लिहिलं: एक वर्ष.

"ताई, अगं!" काका उठलेच. "आम्ही तुला आयुष्यभरासाठी देतोय आणि तू एक वर्ष काय करतेस? मग पुढच्या वर्षी काय?"

"पुढच्या वर्षी नूतनीकरण."

"म्हणजे परत बैठक? परत आम्ही दोघांनी यायचं?"

"समक्ष," आत्या म्हणाली. "दोघांनी. इथे, माझ्याकडे."

"दर वर्षी?" बाबांनी विचारलं. "एवढा खटाटोप कशासाठी, ताई?"

आत्याने पेनचं टोपण लावलं. तिचे डोळे भरून आले होते आणि या वेळी तिने ते लपवले नाहीत.

"अरे, चाळीस वर्षांत आज पहिल्यांदा आलात तुम्ही माझ्या घरी," ती म्हणाली. "नोटीस काढावी लागली मला."

काकांनी पेन घेतलं आणि काट मारलेल्या शब्दाशेजारी छोटी सही केली. बाबांनी त्यांच्या खाली केली. मग मी तारीख घातली, आणि ते तिघं वरची खोली बघायला जिना चढायला लागले, काका आणि बाबा दोन्ही बाजूंनी तिचा हात धरून, आणि ती दोघांना सांगत होती की मला काही होत नाही, सोडा.